तीन इंचांची तार

प्रति,
मा. संचालक,
औद्योगिक सुरक्षा व आरोग्य,
गुजरात राज्य

विषय : कारखाने, कँटीन आणि कामगारांच्या वसतिगृहांतल्या मोठ्या वॉटर हीटरच्या सेफ्टी टर्मिनलांची तपासणी

महोदय,

सचिन जीआयडीसीत मी बावीस वर्षं वायरमनचं काम करतो आहे. मोटरी, पंप, पॅनेल, कॉम्प्रेसर आणि गरम पाण्याच्या टाक्या. डाइंगच्या युनिटापासून कँटीनच्या स्वयंपाकघरापर्यंत जिथे बोलावतील तिथे जातो. हे पत्र आपल्याला आहे, तसंच ते उधना, लिंबायत, पांडेसरा आणि सचिनमध्ये राहणाऱ्या माझ्या मराठी वायरमन भावांनाही आहे, म्हणून मराठीत लिहितो. सचिनचं मराठी मुलखाशी नातं जुनं आहे. १७९१ साली पेशव्यांशी झालेल्या करारात जंजिऱ्यावरचा हक्क सोडून सिद्दी घराण्यातले बाळू मियाँ इकडे आले, आणि सुरतेजवळच्या गावांचं सचिन संस्थान झालं. आम्ही फार नंतर आलो. नंदुरबार, अमळनेर, धरणगावहून तापी काठच्या रेल्वेने उधन्याला उतरलो आणि इथल्या यंत्रांपाशी उभे राहिलो. त्या यंत्रांपैकी सगळ्यात गरीब दिसणाऱ्या एकाबद्दल मला बोलायचं आहे. ते म्हणजे पाणी तापवणारी टाकी.

आधी माझी चूक सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं मागण्याचा मला हक्क नाही.

काही वर्षांपूर्वी एका युनिटच्या वसतिगृहात पाचशे लिटरचा विजेवरचा हीटर होता. सहा-सहा किलोवॅटचे तीन एलिमेंट, एकूण अठरा किलोवॅट, तीन फेजवर पंचवीस अँपिअर. जानेवारीचे दिवस होते. रात्रपाळीची दीडशे माणसं पहाटे अंघोळीला यायची आणि हीटर पहाटेच ट्रिप व्हायचा. हाय लिमिटचं, म्हणजे पाणी प्रमाणाबाहेर तापलं की वीज तोडणाऱ्या स्विचचं, लाल बटण वर आलेलं दिसायचं. दाबलं की चालू, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी सुपरवायझर म्हणाला, "आत्ता डायरेक्ट कर, सकाळी बघू." मी पॅनेल उघडलं, दीड स्क्वेअरच्या तारेचा तीन इंचांचा तुकडा कापला, दोन्ही टोकं सोलली आणि हाय लिमिटच्या दोन टर्मिनलांमध्ये जंपर म्हणून जोडून टाकली. हीटर पुन्हा कधी ट्रिप झाला नाही. सगळे खूश झाले. "सकाळी बघू" म्हटलेली ती सकाळ एकोणीस दिवसांनी आली.

त्या पॅनेलमध्ये दोन कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेने उघडझाप होणारे मोठे स्विच, होते. पहिला थर्मोस्टॅटच्या हुकमाने चालायचा. पाणी साठ अंशांवर गेलं की सुटायचा, थंड झालं की बसायचा. दुसरा सेफ्टीचा. हाय लिमिट, पाण्याची पातळी, प्रेशर, सगळं ठीक असेल तरच तो बसलेला राहायचा. पॅनेल बनवणाऱ्याने शहाणपण केलं होतं, कारण पहिल्या कॉन्टॅक्टरचे पॉइंट झिजून चिकटले तर थर्मोस्टॅटने कितीही सांगितलं तरी वीज थांबत नाही. नेमकं तेच होत होतं. पहाटेच्या भारावर पहिला कॉन्टॅक्टर अधूनमधून चिकटायचा, पाणी तापत जायचं आणि हाय लिमिट दुसऱ्या कॉन्टॅक्टरला सोडवायचं. ट्रिप होणं हा बिघाड नव्हता, बिघाडाची खबर होती. मी खबर देणाऱ्याचं तोंड बांधलं.

एकोणिसाव्या रात्री पहिला कॉन्टॅक्टर चिकटला तो चिकटलाच. पाचशे लिटर पाणी साठ अंशांवरून नव्याण्णववर न्यायला अठरा किलोवॅटला सव्वा तास लागतो. तेवढ्या वेळात कोणी नळ उघडला नव्हता. पहाटे टाकीवरचा रिलीफ व्हॉल्व्ह उचलला गेला आणि वाफेचा आवाज सुरू झाला. त्याच वेळी एकोणीस-वीस वर्षांच्या एका पोराने बादली खाली ठेवून नळ सोडला होता. कोपरापर्यंत त्याचा हात भाजला. तो वाचला, हातही वाचला. रिलीफ व्हॉल्व्ह गंजलेला असता, किंवा कोणी ठिबकतोय म्हणून त्याला प्लग मारला असता, तर त्या इमारतीत झोपलेल्या माणसांचं काय झालं असतं, हा हिशेब मी नंतर बसून केला. तो इथे मांडतो.

बंद टाकीत दाब असेल तर पाणी शंभर अंशांनाही उकळत नाही. दीडशे अंशांपर्यंत ते पाणीच राहू शकतं. तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा पावणेचार बारने जास्त असतो. टाकीची शिवण त्या क्षणी फाटली, तर दाब जातो आणि त्या पाण्याचा अकरावा-बारावा हिस्सा तिथल्या तिथे वाफ होतो. पाचशे लिटरच्या टाकीतून चाळीस किलोहून जास्त वाफ निघेल आणि तिला साधारण सत्तर घनमीटर जागा लागेल. दहा बाय दहा फुटांच्या अडीच-तीन खोल्या भरतील एवढी वाफ एका क्षणात, एका लोखंडी भांड्यातून. यात रसायन नाही, गॅस नाही. फक्त पाणी, वीज आणि तीन इंचांची तार.

हे घडतं. १९ जानेवारी १९८२ रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात, स्पेन्सर गावच्या शाळेत, जेवणाच्या सुट्टीत स्वयंपाकघरातला वॉटर हीटर फुटला. सहा मुलं आणि एक शिक्षिका गेली. त्या हीटरवर पाणी प्रमाणाबाहेर तापू न देण्याची जी साधनं होती, ती कामाच्या वेळी कामाला आली नाहीत. आपल्याकडे १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला मोठ्या टाकीचं तेच झालं. थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद होती आणि गॅस जाळून टाकणारा मनोरा जोडलेला नव्हता. भोपाळची तुलना मी एका गीझरशी करत नाही. बंद ठेवलेली सुरक्षा कुणाला दिसत नाही आणि काम चालू असतं, म्हणून ती तशीच राहते, एवढंच सांगायचं आहे.

सचिनने मोठे अपघात पाहिले आहेत. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे टँकरमधून नाल्यात रसायन सोडलं गेलं आणि त्या वायूने सहा कामगार गेले. २९ नोव्हेंबर २०२३ ला एका रसायनाच्या कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि किमान सात माणसं गेली. तेव्हा चौकश्या झाल्या, वर्तमानपत्रांत फोटो आले. भाजलेल्या हाताची मात्र चौकशी होत नाही. त्या पोराला दवाखान्यात "गरम पाणी सांडलं" असं लिहून घेतलं गेलं आणि तिथेच विषय संपला.

आता कायद्याकडे येतो, कारण या पत्राचा गाभा तिथे आहे. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं मेली, म्हणून १८६४ मध्ये बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा आला. पुढे १९२३ चा देशभराचा कायदा आला आणि आता त्याची जागा २०२५ च्या बॉयलर अधिनियमाने घेतली आहे. या दीडशे वर्षांच्या शिस्तीमुळे डाइंग हाउसच्या वाफेच्या बॉयलरला नोंदणी आहे, नंबर आहे, दरवर्षी तपासणी आहे, परवाना असलेला अटेंडंट आहे. पण कायद्याच्या व्याख्येतून शंभर अंशांच्या खाली पाणी तापवणारं भांडं वगळलं आहे. त्यामागचा विचार बरोबर आहे. शंभराच्या आत राहिलेलं पाणी फुटत नाही.

पण त्या भांड्याला शंभराच्या आत ठेवतं कोण? पॅनेलमधले चार-सहा स्विच आणि त्यांना जोडणारी तार. त्या टर्मिनलांवर जंपर पडला की ते भांडं व्याख्येच्या बाहेर राहायला कारणच उरत नाही. ते बिननोंदणीचं, बिनतपासणीचं बॉयलर होतं, आणि त्याच्या शेजारी अटेंडंट म्हणून अंगाला साबण लावलेला माणूस उभा असतो. कायद्याने दिलेली सूट त्या टर्मिनलांच्या भरवशावर आहे. म्हणून माझं म्हणणं एकच आहे, ती टर्मिनलं कोणीतरी उघडून पाहिली पाहिजेत.

काय पाहायचं, तेही सांगतो. बावीस वर्षांत जे पुन्हा पुन्हा सापडलं तेवढंच सांगतो.

पहिलं, कारखान्यातून येणारी पट्टी. बऱ्याच मोठ्या हीटरवर, विशेषतः गॅसवर चालणाऱ्यांवर, बाहेरच्या सेफ्टीसाठी दोन टर्मिनलं मोकळी ठेवलेली असतात आणि त्यांच्यामध्ये कंपनीनेच एक जंपर घातलेला असतो, म्हणजे बाहेरचं काही नसेल तरी यंत्र चालावं. फ्लो स्विच किंवा लो लेव्हल स्विच जोडताना तो जंपर काढायचा असतो. घाईत तो तसाच राहतो आणि नवा स्विच त्याच्याच शेजारी जोडला जातो. दिसायला सगळं व्यवस्थित, वायरला नंबर, थिंबल दाबलेलं. पण वीज जंपरमधून जाते आणि स्विच शोभेचा राहतो. असे शोभेचे स्विच मी चार ठिकाणी पाहिले. चारही ठिकाणी बिलात स्विचचे पैसे होते.

दुसरं, स्विच कोणत्या बाजूला आहेत. सेफ्टीचे सगळे स्विच एकामागे एक, सिरीजमध्ये, आणि फेजच्या बाजूला हवेत. कॉन्टॅक्टरच्या कॉइलचं दुसरं टोक सरळ न्यूट्रलला हवं. काही जण स्विच न्यूट्रलमध्ये घालतात, कारण तार तिथून जवळ पडते. काम तर चालतं. पण ओल्या बाथरूममागच्या भिंतीत त्या तारेचं इन्सुलेशन झिजलं आणि ती टाकीच्या अंगाला लागली, की कॉइलला अर्थमधून परतीची वाट मिळते. मग हाय लिमिट उघडलं तरी कॉन्टॅक्टर बसलेलाच राहतो. जंपर कोणी घातलेला नसतो, भिंतीनेच घातलेला असतो. तीच तार फेजच्या बाजूला असती तर फ्यूज उडाला असता आणि हीटर बंद पडला असता.

तिसरं, सगळं ठीक असताना स्विचचा संपर्क जोडलेला असावा. तार तुटली, स्क्रू ढिला झाला, उंदराने कुरतडलं, तर यंत्र थांबलं पाहिजे. उलटा स्विच लावला तर तुटलेली तार आणि ठणठणीत टाकी दोन्ही सारखीच दिसतात. आमच्याकडे कापसाचा भुगा आणि वाफ दोन्ही आहेत, त्यामुळे ढिल्या स्क्रूवर गंज चढायला एक पावसाळा पुरतो.

चौथं, थर्मोस्टॅट आणि हाय लिमिट एकाच कॉन्टॅक्टरवर बांधलेलं असतं. मग कॉन्टॅक्टर चिकटला की दोघांचं म्हणणं एकाच बहिऱ्यापाशी जातं. हाय लिमिटला स्वतःचा वेगळा कॉन्टॅक्टर हवा, किंवा त्याने सरळ ब्रेकर पाडला पाहिजे.

पाचवं, आकडे मिसळणं. कंट्रोल बोर्डावर चोवीस व्होल्टची टर्मिनलं असतात. तिथे बाहेरून नुसता कोरडा संपर्क जोडायचा असतो, म्हणजे फक्त उघडझाप, स्वतःची वीज नाही. तिथे कोणी टायमरवरून २३० व्होल्ट आणून देतं. बोर्ड जळतं, नवं महाग असतं, ते येईपर्यंत हीटर "डायरेक्ट" चालतो, आणि गोष्ट पुन्हा तीन इंचांच्या तारेवर येते.

गॅसच्या हीटरवर आणखी एक स्विच असतो, धूर बाहेर जातो आहे की नाही ते सांगणारा. तो शॉर्ट केला तर पाणी गरम होत राहतं आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचत जातो. त्याला वास नसतो. बंद बाथरूममध्ये गॅस गीझरने गेलेल्या माणसांच्या बातम्या दर हिवाळ्यात आपण वाचतो.

महोदय, हे सगळं आमच्यातल्या बहुतेकांना माहीत आहे. मलाही त्या रात्री माहीत होतं. तरी मी जंपर घातला, कारण दीडशे माणसं टॉवेल घेऊन उभी होती, सुपरवायझर डोक्यावर होता, मी ठेकेदाराचा माणूस होतो, आणि "हे मी करणार नाही" म्हणणाऱ्याला उद्या गेटवर पास मिळत नाही. दोष माझाच आहे, तो मी दुसऱ्या कुणावर टाकत नाही. पण आज रात्रीही सचिनमध्ये कुठेतरी कोणी वायरमन तसाच पॅनेलसमोर उभा असेल, आणि त्याच्या पाठीशी उभं राहील असं काहीही त्याच्या डोळ्यांसमोर लिहिलेलं नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

आपले अधिकारी तपासणीला येतात तेव्हा गरम पाण्याची टाकी यादीत असावी. दाबाखाली चालणाऱ्या प्रत्येक यंत्रात तो दाब सुरक्षित मर्यादेपलीकडे जाऊ नये यासाठी उपाय हवेत, हे तत्त्व १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३१ व्या कलमापासून आहे. पाण्याच्या टाकीला ते लागू नाही असं कोणी म्हणू शकणार नाही.

जंपरची नोंद वहीत व्हावी. दुरुस्तीच्या वेळी, चाचणीसाठी, कधी कधी तो लागतोच. पण तो लाल तारेचा असावा, त्याला नंबर असावा, तो सेफ्टी ऑफिसरच्या कपाटातून सही करून घ्यावा आणि पाळी संपण्याआधी परत जावा. जो परत आला नाही, त्याच्यासाठी हीटर बंद राहावा. माझ्या एकोणीस दिवसांपैकी अठरा दिवस या एका वहीने वाचले असते.

पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला वायरिंगचा नकाशा चिकटवलेला असावा, आणि कोणतं टर्मिनल कशासाठी आहे ते हिंदी, गुजराती आणि मराठीत लिहिलेलं असावं. आज तो नकाशा असलाच तर इंग्रजी पुस्तकात असतो आणि पुस्तक ऑफिसच्या कपाटात. रात्री दोन वाजता कपाटाची किल्ली घरी गेलेली असते.

आयटीआयमध्ये आमच्या पोरांना स्टार-डेल्टा स्टार्टर जोडायला शिकवतात. त्याच टेबलावर सेफ्टीची साखळीही जोडायला शिकवावी, आणि एक-एक तार सोडवून यंत्र थांबतं का ते प्रत्येकाने आपल्या हाताने बघावं. एकदा हाताने पाहिलेलं जन्मभर राहतं.

आणि जो वायरमन सेफ्टी शॉर्ट करायला नकार देतो, त्याचा रोज बुडू नये. त्याने कुठे सांगायचं, कोणत्या क्रमांकावर, कोणाला, हे प्रत्येक गेटवर त्याला वाचता येईल अशा भाषेत लावावं.

माझ्या भावांना दोन शब्द. हाय लिमिट वारंवार ट्रिप होत असेल तर बटण दाबून निघून जाऊ नका. कॉन्टॅक्टरचे पॉइंट पाहा. थर्मोस्टॅटच्या नळीवर क्षार बसलाय का पाहा. बोअरचं पाणी असेल तर तो बसतोच आणि थर्मोस्टॅटला उष्णता उशिरा कळते. थंड पाण्याच्या लाइनीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असेल तर फुगणाऱ्या पाण्याला जागा दिली आहे का पाहा. पाचशे लिटर पाणी पंचवीस अंशांवरून साठवर जाताना सात लिटरने वाढतं. रिलीफ व्हॉल्व्ह ठिबकत असेल तर त्याला प्लग मारू नका, तो का ठिबकतोय ते शोधा. आणि साठ अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडी पाच-सहा सेकंदांत खोलवर भाजतं, म्हणून नळापाशी थंड पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह मागा. कोणी म्हणालं "सकाळी बघू", तर त्याच्याकडून ती सकाळ तारखेसकट लिहून घ्या.

ज्याचा हात भाजला तो पोरगा आज माझ्याबरोबर काम करतो. पहिल्या दिवशी मी त्याला त्या तारेबद्दल सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारलं, "मला दाखवा, कुठे लावली होती." आम्ही दुसऱ्या एका हीटरचं पॅनेल उघडलं आणि मी त्याला दोन टर्मिनलं दाखवली. आता कुठल्याही नव्या जागी गेलो की तो माझ्या आधी तिथेच बघतो.

आपल्या अधिकाऱ्यांना यासाठी कोणतंही महागडं यंत्र लागणार नाही. पाणी थंड असताना, म्हणजे थर्मोस्टॅट वीज मागत असताना, हे करायचं. मेन बंद करायचं, कुलूप लावायचं, वीज नाही याची टेस्टरने खात्री करायची, हाय लिमिटची एक तार टर्मिनलातून सोडवायची, टोक सुरक्षित झाकायचं आणि मेन पुन्हा चालू करायचं. हीटर मुकाट राहिला तर मेन पुन्हा बंद करून तार जागेवर बसवा आणि पुढच्या स्विचकडे जा. थोड्या वेळात सगळी साखळी तपासून होते. तार सुटलेली असतानाही हीटर चालू झाला, तर तिथेच थांबा. त्या पॅनेलमध्ये कुठेतरी तीन इंचांची तार आहे. ती काढल्याशिवाय त्या इमारतीतल्या कोणालाही नळ उघडू देऊ नका.

आपला,
सचिन जीआयडीसीतला एक वायरमन